पुरुष जननसंस्था : ‘घरी वाचून या’ म्हटलेला धडा

पनवेलहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकल गाडीत तुम्ही कधीतरी बसला असाल. डब्यात दाराजवळ किंवा खिडकीच्या वर एखादा लहानसा कागद चिकटवलेला असतो. ‘गुप्तरोग, कमजोरी, स्वप्नदोष. खात्रीचा इलाज.’ खाली दूरध्वनी क्रमांक. मोठी माणसे त्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करतात. पण पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा तो कागद चोरून वाचतो आणि त्याच्या मनात एक शंका घर करते, ‘मला तर हा रोग नसेल?’

ही शंका विचारायची कुणाला? दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पुरुष जननसंस्थेची आकृती आहे. पण तो भाग आला की पुष्कळ वर्गांत ‘हे घरी वाचून या’ असे सांगून पुढचे पान उलटले जाते. घरी तर तो विषयच निघत नाही. मग त्या कागदावरचा क्रमांक तेवढा उरतो.

पनवेलमध्ये शिकवताना मी वर्गात एक खोका ठेवतो. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, एवढाच नियम. वर्षे बदलतात, मुले बदलतात, चिठ्ठ्या मात्र त्याच येतात. त्यांतल्या तीन येथे घेतो.

१. वीर्य गेल्याने अशक्तपणा येतो, हे खरे का?
२. माझी एक बाजू दुसरीपेक्षा खाली असते. हा आजार आहे का?
३. माझ्या काकूला तिन्ही मुलीच झाल्या म्हणून घरात तिला बोलतात. यात तिचा दोष आहे का?

तिसरी चिठ्ठी बहुधा एखाद्या मुलीची असावी. म्हणूनच हा धडा मुलांइतकाच मुलींनीही वाचायचा आहे. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या न शिकवलेल्या आकृतीतच आहेत. चला, ती आकृती नीट पाहू या.

शरीराबाहेर टांगलेली ग्रंथी

पुरुष जननसंस्थेतील मुख्य अवयव म्हणजे वृषण. ते दोन असतात. प्रौढ माणसात प्रत्येक वृषण सुमारे ४ ते ५ सेंटिमीटर लांब, अंडाकृती असते. त्वचेच्या ज्या पिशवीत ते असतात तिला वृषणकोश म्हणतात.

हृदय, फुप्फुसे, यकृत असे महत्त्वाचे अवयव निसर्गाने हाडांच्या पिंजऱ्यात किंवा पोटात जपून ठेवले. मग वृषण बाहेर का? कारण मनुष्यात शुक्राणू तयार होण्यासाठी शरीराच्या ३७ अंश सेल्सिअस तापमानापेक्षा २ ते ३ अंश कमी तापमान लागते. थंडीच्या दिवसांत वृषणकोश आक्रसतो आणि वृषण अंगाजवळ ओढले जातात. पनवेलच्या मे महिन्यातील दमट उकाड्यात तो सैल होऊन खाली उतरतो. हे काम तेथील स्नायू आपोआप करतात. शिवाय वृषणाकडे रक्त नेणाऱ्या रोहिणीभोवती नीलांचे जाळे द्राक्षवेलीच्या तणाव्यांसारखे गुंडाळलेले असते. परत येणारे थंड रक्त जाणाऱ्या गरम रक्तातील उष्णता काढून घेते.

सर्व प्राण्यांत मात्र असे नसते. आपल्या तालुक्यातील कर्नाळ्याच्या अभयारण्यात जे पक्षी दिसतात, त्यांच्या शरीराचे तापमान ४० अंशांच्याही वर असते आणि त्यांचे वृषण पोटातच असतात. हत्तीचेही पोटातच असतात. तेव्हा ‘शुक्राणूंना थंडावा लागतोच’ असा नियम सर्व सजीवांना लावता येत नाही. तो आपल्याला लागू आहे.

आता दुसऱ्या चिठ्ठीचे उत्तर. बहुतेक पुरुषांत एक वृषण, पुष्कळदा डावे, दुसऱ्यापेक्षा थोडे खाली असते. आकारातही किंचित फरक असू शकतो. हा आजार नव्हे. आपले दोन्ही पाय तरी कोठे अगदी तंतोतंत सारखे असतात?

शुक्राणूंचा कारखाना

वृषणाचा छेद घेतला तर आत सुमारे अडीचशे लहान कप्पे दिसतात. प्रत्येक कप्प्यात एक ते चार अतिशय बारीक, गुंडाळलेल्या नलिका असतात. यांना शुक्रोत्पादक नलिका म्हणतात. एका वृषणातील सगळ्या नलिका उलगडून टोकाला टोक जोडल्या तर त्यांची लांबी काही शे मीटर भरेल.

या नलिकांच्या भिंतीतील पेशी विभाजित होत होत शुक्राणू बनतात. आपल्या शरीराच्या साध्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. शुक्राणूत ती निम्मी, म्हणजे २३ असतात. उरलेली २३ स्त्रीच्या अंडपेशीतून मिळतात. मूळ पेशीपासून पूर्ण शुक्राणू बनायला साधारण दोन ते अडीच महिने लागतात. पण असंख्य पेशींचे काम एकाच वेळी चालू असल्याने प्रौढ पुरुषात दर सेकंदाला हजाराच्या आसपास शुक्राणू तयार होत असतात. हा कारखाना वयात आल्यावर सुरू होतो आणि म्हातारपणीही सहसा पूर्ण बंद पडत नाही.

शुक्राणू केवढा असतो? सगळा मिळून मिलिमीटरचा सुमारे विसावा भाग. त्याला डोके, मध्यभाग आणि लांब शेपूट असते. डोक्यात गुणसूत्रे, मध्यभागात ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका आणि पोहण्यासाठी शेपूट. १६७७ साली हॉलंडमधील लेव्हेनहूक याने स्वतः घासलेल्या भिंगातून तो पाहिला. त्यापूर्वी वीर्यात असे काही पोहत असेल याची जगात कुणालाही कल्पना नव्हती.

बाहेरच्या वाटेवर

वृषणातून निघालेला शुक्राणू लगेच पोहू शकत नाही. वृषणाच्या मागच्या बाजूस अधिवृषण नावाची एक गुंडाळलेली नळी चिकटलेली असते. उलगडली तर ती सुमारे ६ मीटर भरेल. या नळीतून हळूहळू सरकताना शुक्राणू पक्व होतो व तेथेच साठून राहतो.

तेथून शुक्रवाहिनी सुरू होते. ही ३० ते ४५ सेंटिमीटर लांबीची नळी जांघेतून वर पोटात शिरते, मूत्राशयाच्या मागे वळसा घेते आणि शुक्राशयाच्या नळीला मिळते. दोन्ही मिळून जी आखूड वाहिनी होते तिला स्खलनवाहिनी म्हणतात. ती पुरःस्थ ग्रंथीतून जाऊन मूत्रमार्गात उघडते. पुरःस्थ ग्रंथी अक्रोडाएवढी असून मूत्राशयाच्या अगदी खाली असते. तिच्याही खाली वाटाण्याएवढ्या दोन काऊपर ग्रंथी असतात.

वीर्य म्हणजे केवळ शुक्राणू, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात वीर्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग शुक्राशयाचा स्राव असतो. त्यात फळांतली साखर, म्हणजे फ्रुक्टोज असते. ती शुक्राणूंची शिदोरी. पाव ते तिसरा हिस्सा पुरःस्थ ग्रंथीचा स्राव. काऊपर ग्रंथींचे काही थेंब. आणि स्वतः शुक्राणू किती? आकारमानाने शंभरात दोन ते पाच भाग! तरीसुद्धा निरोगी पुरुषाच्या एका मिलिलिटर वीर्यात ते कोट्यवधी असतात, इतके ते लहान आहेत.

शिश्नात हाड नसते. त्यात स्पंजासारख्या ऊतींचे तीन दंडगोल असतात. त्यांत रक्त भरले आणि परतीची वाट दबली की शिश्न ताठ होते. वयात येणाऱ्या मुलांत हे मनात काही विचार नसतानाही, विशेषतः पहाटे झोपेत, घडते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मूत्र आणि वीर्य एकाच मूत्रमार्गाने बाहेर येतात, पण एकाच वेळी नाही. वीर्य येते तेव्हा मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला स्नायू घट्ट मिटतो.

वळू, बैल आणि कोंबडा

वृषणाचे एक काम झाले, शुक्राणू बनवणे. दुसरे काम शेतकऱ्याला विज्ञानाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. वळू आडदांड असतो. त्याला नांगराला जुंपता येत नाही. गोऱ्हा खच्ची केला की तो शांत बैल होतो. वृषण निकामी केल्याने स्वभाव आणि शरीर बदलते, ते कसे?

१८४९ साली जर्मनीतील गटिंगन येथे बर्टोल्ट या शास्त्रज्ञाने कोंबड्यांवर एक सोपा प्रयोग केला. वृषण काढलेल्या कोंबड्यांचे तुरे वाढले नाहीत, ते आरवेनात आणि भांडेनात. काही कोंबड्यांमध्ये मात्र त्याने काढलेले वृषण पोटात भलत्याच जागी परत बसवले. मज्जातंतूंशी त्याचा जुना संबंध तुटलेला होता. तरीही ते कोंबडे तुरेबाज झाले आणि ऐटीत आरवू लागले. याचा अर्थ, वृषणातून काहीतरी रक्तात मिसळते आणि शरीरभर निरोप पोचवते. हा पदार्थ म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक. १९३५ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्यात आले.

टेस्टोस्टेरॉन शुक्रोत्पादक नलिकांमधील पेशी बनवत नाहीत. नलिकांच्या मधल्या जागेत असलेल्या लायडिग पेशी ते बनवतात. त्यांना हुकूम येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून आणि पीयूषिकेला हुकूम देतो मेंदूचा अधश्चेतक हा भाग. रक्तातील टेस्टोस्टेरॉन वाढले की वरचे हुकूम आपोआप कमी होतात. साधारण ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान ही साखळी जागी होते. आधी वृषण वाढतात, मग केस येतात, उंची झपाट्याने वाढते, आवाज फुटतो. कुणाचे लवकर, कुणाचे उशिरा. वर्गातला एक मुलगा मिशा फुटलेला आणि शेजारचा अजून पोरसवदा, दोघेही ठीकच असतात.

येथे एक गैरसमज दूर करू. पुरुष नसबंदी म्हणजे खच्चीकरण नव्हे. नसबंदीत वृषणाला हात लावत नाहीत. फक्त दोन्ही शुक्रवाहिन्या कापून बंद करतात. टेस्टोस्टेरॉन रक्तातून जाते, शुक्रवाहिनीतून नाही. म्हणून आवाज, ताकद, दाढीमिशा यांत काही फरक पडत नाही. वीर्यात शुक्राणूंचा भाग मुळातच अल्प असल्याने वीर्यही जवळजवळ तेवढेच राहते. शस्त्रक्रिया स्त्रीच्या नसबंदीपेक्षा सोपी आहे. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील शंभर विवाहित स्त्रियांमागे सुमारे ३८ जणींची नसबंदी झालेली आढळली, तर पतीची नसबंदी झाल्याचे प्रमाण हजारात ३ होते. बैलाचे चित्र माणसांच्या मनातून अजून गेलेले नाही, हे त्याचे एक कारण आहे.

पहिल्या चिठ्ठीचा हिशेब

‘चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य होतो’, असे सांगतात. कोणी शंभर थेंब म्हणतात. सूक्ष्मदर्शक नव्हता त्या काळी शरीरातील सात धातूंपैकी शुक्र हा अखेरचा, सर्वांचे सार, अशी कल्पना होती. त्या काळच्या विचारवंतांनी उपलब्ध साधनांनी केलेला तो विचार होता. आज आपल्याजवळ मोजायची साधने आहेत. तेव्हा मोजू या.

एका वेळी बाहेर पडणारे वीर्य साधारण ३ मिलिलिटर धरा. शंभरपट रक्त म्हणजे ३०० मिलिलिटर. रक्तपेढीत एका वेळी ३५० मिलिलिटर रक्त घेतात आणि त्यानंतर तीन महिने पुन्हा घेत नाहीत. म्हणजे आठवड्यातून एकदा झोपेत वीर्य गेलेला मुलगा महिन्याभरात सव्वा लिटर रक्त गमावून पांढराफटक पडायला हवा. तसे कधी होत नाही. आपली आकृती काय सांगते? वीर्य हा ग्रंथींचा स्राव आहे, लाळेसारखा. रक्ताचे वीर्य होत नाही. रक्त फक्त कच्चा माल पुरवते.

तो कच्चा माल तरी किती? १०० मिलिलिटर वीर्यात सुमारे ५ ग्रॅम प्रथिने असतात. ३ मिलिलिटरमध्ये ०.१५ ग्रॅम. एवढी प्रथिने एका शेंगदाण्यात मिळतात. एका पाकिटात नव्हे, एका दाण्यात!

झोपेत वीर्य जाणे हा ‘दोष’ नाही. ग्रंथी काम करू लागल्याचे ते एक लक्षण आहे. काही मुलांत ते वारंवार होते, काहींत कधीच होत नाही, दोन्ही निरोगी. न वापरलेले शुक्राणू शरीर मोडून परत शोषून घेते. हस्तमैथुनानेही अंधत्व, क्षय, वेड किंवा पुढे अपत्य न होणे यांपैकी काहीही होत नाही.

मग मुलांना खरोखर थकवा येतो, तो कशाने? भीतीने. १९६० साली डॉ. नरेंद्रनाथ विग या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी या त्रासाला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. वीर्य जात आहे या धास्तीने झोप उडते, भूक मंदावते, अभ्यासात लक्ष लागत नाही. आणि हेच कमजोरीचे पुरावे वाटू लागतात. डब्यातल्या त्या कागदाचा धंदा या भीतीवर चालतो. ज्याला आजारच नाही तो ‘बरा’ करणे सोपे असते.

एका प्राध्यापकाची झुंज

ही भीती घालवण्यासाठी महाराष्ट्रात एका माणसाने आयुष्य वेचले. रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे थोरले चिरंजीव. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणित शिकवीत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि या कामापायी १९२५ मध्ये त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैमध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि मृत्यूपर्यंत चालवले.

त्या मासिकात वाचक आपल्या शंका विचारीत आणि कर्वे त्यांना सरळ, शास्त्रीय उत्तरे देत. तुमच्या चिठ्ठ्यांत जे प्रश्न असतात, तसलेच ते असत. अशा उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. न्यायालयात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लीलच, असे मानता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र बंद पडले नाही. आज तीच माहिती शालेय पुस्तकात छापलेली आहे. ती ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून देताना हा खटला आम्ही शिक्षकांनी आठवावा.

तिसऱ्या चिठ्ठीचे उत्तर

अंडपेशीत लिंग ठरवणारे गुणसूत्र नेहमी ‘एक्स’च असते. शुक्राणू मात्र दोन प्रकारचे असतात. सुमारे निम्म्यांत ‘एक्स’, निम्म्यांत ‘वाय’. ‘एक्स’वाला शुक्राणू अंडपेशीशी संयोग पावला तर मुलगी, ‘वाय’वाला पावला तर मुलगा. १९०५ साली अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स या संशोधक बाईंनी पिठातल्या किड्यांच्या पेशी तपासून लिंग गुणसूत्रांवरून ठरते हे दाखवले.

म्हणजे काकूच्या अंडपेशीत ‘वाय’ नव्हतेच. ती ते देणार कोठून? मग दोष काकांचा? तोही नाही. कोट्यवधी शुक्राणूंतून कोणता पोचेल, हे कुणाच्या हाती नसते. नाणे तीनदा उडवले आणि तिन्ही वेळा छापा पडला, तर नाण्याला आपण शिव्या देत नाही. आणि मुलगी होणे हा दोष मानणे, हीच पहिली चूक.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

लाज न बाळगता सांगायच्या काही गोष्टी मात्र आहेत. वृषणात अचानक तीव्र वेदना, सूज किंवा मळमळ सुरू झाली, तर वृषणाला पीळ बसून त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. अशा वेळी सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुधा वाचते. ‘सकाळी बघू’, ‘आईला कसे सांगू’ यात रात्र गेली तर ते गमवावे लागते. रात्री दोन वाजता दुखू लागले तर दोन वाजताच घरच्यांना उठवा.

लहान बाळाचे वृषण वृषणकोशात उतरलेले नसेल आणि सहा महिन्यांपर्यंत उतरले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. वृषणात न दुखणारी कठीण गाठ लागली, लघवीला जळजळ झाली किंवा पू आला तरीही दाखवावे. क्रिकेट खेळताना संरक्षक कवच वापरावे आणि अंघोळीच्या वेळी शिश्नाची त्वचा सहज मागे जाईल तेवढीच सारून साध्या पाण्याने धुवावे. बस, एवढीच निगा.

पुढच्या वेळी लोकलमध्ये तो कागद दिसला तर तो सरळ मान वर करून वाचा. त्यातला एकेक शब्द आकृतीशी ताडून पाहा. ‘स्वप्नदोष’ हा दोष नाही. ‘कमजोरी’ एका शेंगदाण्याची. उरला ‘गुप्तरोग’, त्यावर इलाज करणारे डॉक्टर सरकारी दवाखान्यात उघडपणे बसलेले असतात.

स्वाध्याय

१. वृषणापासून मूत्रमार्गापर्यंत शुक्राणूचा मार्ग क्रमाने लिहा.
२. बर्टोल्टच्या प्रयोगात वृषण पोटात भलत्या जागी बसवल्याने नेमके काय सिद्ध झाले?
३. नसबंदी केलेला माणूस आणि खच्ची केलेला बैल यांत शरीरशास्त्राच्या दृष्टीने कोणता फरक आहे?
४. शिक्षकांसाठी : वर्गात एक खोका ठेवा. चिठ्ठ्या वाचताना हसू नका आणि एकही चिठ्ठी ‘घरी वाचून या’ म्हणून परत करू नका.